वीस हात नदी

"मोजणीवालं का तुमी?"

भीमेच्या काठी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की शेवटी शेवटी मी गाडीतून उतरल्या उतरल्याच "नाही, मोजणीवाले नाही, चित्रकलेच्या बाई आहोत" असं सांगायला लागले. दोष त्यांचा नव्हता. खांद्यावर मांजरपाटाचा तागा, हातात टेप, शेजारी वही घेतलेले चष्मेवाले सर आणि मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेला पोरगा. अशी वरात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या गावात उतरली तर कुणाला चित्रकला आठवेल? तिथल्या माणसांनी टेपवाले एकदा पाहिलेत आणि त्यानंतर गाव राहिलं नाही.

मी सोलापुरात एका शाळेत चित्रकला शिकवते. सर आमच्याच शाळेत इतिहास शिकवतात. पोरगा माझा जुना विद्यार्थी, आता लग्नाचे फोटो काढतो. नदीवर काहीतरी करायचं हे खूळ माझं. कॉलेजात असताना वाचलेलं डोक्यात राहिलं होतं. रिचर्ड लाँग नावाचा इंग्रज चित्रकार एव्हन नदीचा चिखल थेट हातानं भिंतीवर थापून मोठाली वर्तुळं काढतो. अमेरिकेचा मार्क डायन, त्यानं १९९९ मध्ये लंडनला टेम्सच्या ओहोटीत उघड्या पडलेल्या काठावरून स्वयंसेवकांना घेऊन मिळेल ते उचललं, मातीच्या चिलमी, बाटल्या, हाडं, प्लास्टिक, सगळं धुतलं, लावलं आणि एका मोठ्या लाकडी कपाटात मांडलं. आपल्याकडे अतुल भल्ला यमुनेच्या काठाकाठानं चालत गेले आणि फोटो काढत गेले. तिघांचं मला एकच आवडलं. नदीचं चित्र काढण्यापेक्षा नदीकडूनच काहीतरी घ्यायचं.

घ्यायचं ठरवणं सोपं. आमची नदी काही एव्हन नाही.

पहिला चिखल मी हत्तरसंग कुडलहून आणला. सोलापूरच्या दक्षिणेला भीमा आणि सीना जिथं मिळतात तो संगम. पलीकडचा काठ कर्नाटकात. इथल्या संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. आमच्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. 'वाछि तो विजेया होईवा', जो हे वाचील तो विजयी होईल, असा तो वाचला जातो. सरांनी मान वर करून तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "झालो बुवा विजयी, आता चहा." शेजारच्याच हरिहरेश्वराच्या देवळातून मातीचा ढिगारा काढताना १९९९ मध्ये ते प्रसिद्ध बहुमुखी लिंग निघालं, ३५९ मुखांचं. नदीकाठी नऊशे-हजार वर्षांचा गाळ बसला की देवसुद्धा खणून काढावे लागतात.

मला त्या लेखावर कागद ठेवून ठसा घ्यायचा होता. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशनं ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत घालवायचा, मग बोळ्यानं शाई फिरवायची. लेख वाचणारे असाच ठसा घेतात. सरांनी हात धरला. "तो संरक्षित दगड आहे आणि तुम्ही त्यातल्या नाही. फोटो काढा आणि गप बसा." बरोबर होतं त्यांचं. मी चिडून घाटाकडे गेले आणि तिथल्या पाणी उपसणाऱ्या मोटारीच्या लोखंडी पाइपावर कागद ठेवून खडू घासत बसले. गंजाचे पापुद्रे, वेल्डिंगची गाठ, कुणीतरी रंगानं लिहिलेलं आडनावाचं पहिलं अक्षर. सगळं कागदावर उतरलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. आजच्या भीमेचा शिलालेख म्हणून तो काही वाईट नाही, कारण काठावर असे पाइप किती आहेत ते मोजायला गेलं तर दिवस मावळतो.

तर चिखल. दोन बादल्या भरून घरी आणला, गच्चीवर पाण्यात कालवला आणि लाँगसाहेबांसारखा हातानं कापडावर थापला. संध्याकाळी सुंदर दिसत होता. सकाळी सगळ्या कापडावर भेगा, आणि तागा उचलला तर नदी खपल्या होऊन गच्चीभर. सासूबाईंनी झाडून काढली.

कारण नंतर कळलं, खरं तर शेतकऱ्याच्या पोराला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ही काळ्या पाषाणातून झिजून आलेली चिकणमाती. पाणी पिली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात आपल्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या कापडावर का पडणार नाहीत?

उपाय सांगितला शेजारच्या तात्यांनी. तात्या पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. उमेदीची वर्षं सायझिंगमध्ये गेली, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावण्याच्या कामात. गच्चीवरच्या खपल्या बघून म्हणाले, "ओ टीचर, नुसती माती अंगाला कशी धरंल? खळ द्या की तिला." मग त्यांनी मला चिंचोक्याची खळ शिकवली. चिंचोके भाजायचे, वरची तपकिरी सालं काढायची, रात्रभर भिजवायचे, पाट्यावर वाटायचे आणि पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवायचे. थांबलात की गुठळी. चमचा उचलला की पिठल्यासारखी नाही, मधासारखी धार पडली पाहिजे. बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्याआधी कोरं मांजरपाट धुण्याच्या सोड्यात उकळून घ्यायचं, कारण कोऱ्या कापडात गिरणीची खळ असतेच आणि ती रंग आत शिरू देत नाही. म्हणजे आधी एक खळ काढायची आणि मग दुसरी घालायची. तात्यांना यात काहीच गंमत वाटली नाही, मला मात्र दोन दिवस हसू येत होतं.

मातीलाही शिस्त लावावी लागली. बादलीत भरपूर पाणी घालून ढवळायची, दहाएक सेकंद थांबायचं, जाड रेती खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं. तेच परत. तिसऱ्या बादलीत जे रात्रभर बसतं ते लोण्यासारखं मऊ, ते मलमलीतून गाळायचं. आता हे सगळं अशा शहरात करायचं जिथं नळाला पाणी चार दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी मी पिंप भरून चिखल धूत बसलेय हे बघून नवरा म्हणाला, "उजनीतनं एवढ्या लांब पाइपलाइननं पाणी आणायचं ते नदीचीच माती धुवायला." त्याच्यावर उत्तर नव्हतं.

तंत्र बसलं. पण काढायचं काय?

पोरानं उत्साहानं ड्रोन आणला होता, लग्नात वरात टिपायचा. त्यानं पंढरपूरच्या पुढची भीमा वरून दाखवली. वळणं, हिरवा ऊस, चांदीसारखं पाणी. कॅलेंडरवर छापण्यासारखं. मी ते सगळं बाजूला ठेवायला लावलं आणि तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. वरून बघितलं की नदी कुणाचीच नसते, एवढंच मला म्हणायचं होतं. तेव्हा असं नीट म्हणता आलं नाही.

मग आम्ही माणसांशी बोलायला लागलो. फोनवर रेकॉर्ड करायचो. पहिल्या दोन-तीन गावांतच लक्षात आलं, की कुणी 'नदी' म्हणून बोलतच नाही. "धरणाच्या आदी" आणि "धरणाच्या नंतर" असं बोलतात. उजनी १९८० मध्ये पुरी झाली, आणि तिच्या खालची भीमा तेव्हापासून वाहते ती सोडली की. "पाणी सुटलंय" हा आमच्याकडे बातमीचा मथळा असतो. सोलापूरला प्यायला सुटलं, आषाढीला चंद्रभागेत स्नानाला सुटलं. बाकी वेळ डबकी, बंधाऱ्यांमागचं तुंबलेलं पाणी आणि वाळू काढून झालेले खड्डे. पाच-सहा वर्षांच्या एका पोराला मी विचारलं, नदीला पाणी कुठून येतं? म्हणाला, "साहेब सोडतंय."

आणि धरणाच्या वरच्या बाजूला उलटं. तिथं धरण वजामध्ये गेल्यावरच आठवणी वर येतात. बाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं. उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीहून जास्त आहे, आणि टक्केवारी धरतात ती त्याच्या वरच्या पाण्याची. त्यामुळे पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरलं, की धरण शून्यावर न थांबता 'उणे वीस', 'उणे तीस' असं खाली जातं. सोलापूरकर हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली. तेव्हा इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, करमाळ्याच्या बाजूला कुगावचा इनामदार वाडा कोरडा झाला. लोक गाड्या करून बघायला यायचे, भेळेचे गाडेसुद्धा लागले. त्याच मे महिन्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर आम्ही बोटीचं नाव काढलं नाही. जे केलं ते काठावरून चालत.

अशाच एका बुडीत गावच्या आजी मला भेटल्या. गावाचं नाव लिहीत नाही. त्या आता नव्या गावठाणात राहतात, पण पाणी उतरलं की नातवाच्या मोटरसायकलवर बसून येतात. भेगाळलेल्या गाळावर चप्पल हातात घेऊन चालत होत्या. मी मागे. मला नुसती माती आणि मधेच दगडांच्या रांगा दिसत होत्या. त्या दारातून आत गेल्या. खरंच, जिथं दार होतं तिथं वाकल्या, उंबरा ओलांडल्यासारखा पाय उचलला आणि आत गेल्या. "हितं चूल. हितं रांजण. हितं माजी सासू बसायची आन् मला बोलायची." मग हसल्या. पाटा ठेवायचा दगड जागेवर होता, त्याच्यावर शिंपले चिकटले होते. त्यांनी तो पदरानं पुसला.

त्या दिवशी त्या पाच तास बोलल्या. नदीचा डोह, त्यातले मासे, पलीकडच्या गावची जत्रा, पूर आला की कुणाच्या ओट्यावर गुरं बांधायचे. सरांच्या फोनची बॅटरी संपली, मग माझ्या फोनवर, मग पोराच्या.

पंढरपुरात मात्र वीस मिनिटांत काम आटोपलं. वाळवंटात बसून मी लोकांना विचारलं आणि मला सगळ्यांनी तेच सांगितलं जे अभंगात आहे. जिच्यावर सगळ्यात जास्त गायलं गेलं तिच्याबद्दल माणसाजवळ स्वतःचं असं बोलायला थोडंच उरतं, हे मला तिथं पहिल्यांदा जाणवलं. एका होडीवाल्या मामांचं एक वाक्य तेवढं कामाचं निघालं. पूर किती आला ते ते फुटांत सांगत नाहीत, पुंडलिकाच्या देवळावरून सांगतात. पायरीला, दाराला, कळसाला. माझ्या टेपपेक्षा हे माप बरं होतं.

माचणूरला सर खुलले. सिद्धेश्वराच्या देवळाखालच्या घाटावर बसून त्यांनी औरंगजेब काढला. जवळच ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ त्याची छावणी होती, गावाचं नाव त्यानं इस्लामपुरी करून टाकलं होतं, आणि १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला असा पूर आला की बादशाही छावणीचं मोठं नुकसान झालं. घाटावर म्हशी धूत असलेले एक काका हे सगळं ऐकत होते. सरांचं संपल्यावर म्हणाले, "बादशाचं गेलं व्हय? आमचा पंप गेलता २०२० ला." सरांनी वहीत दोन्ही लिहिलं, एकाखाली एक. मला वाटतं, आमच्या सगळ्या कामातलं सगळ्यात खरं पान ते असावं.

रेकॉर्डिंग वीस तासांवर गेलं. आणि चित्राचं कोडं तिथंच सुटलं. माझ्याकडे कापड होतं नऊ मीटर, म्हणजे जवळपास वीस हात. एक तास बोलणं, एक हात नदी. नकाशावर कुठलं अंतर किती ते सोडून द्यायचं, ज्या गावानं जितकं सांगितलं तितकी त्याची लांबी. त्यामुळे पंढरपूर कापडावर जेमतेम बोटांत मावलं आणि आजींचं बुडीत गाव पाच हात पसरलं. सर म्हणाले, हा नकाशा चुकीचा आहे. मी म्हटलं, तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात बादशहाला किती पानं आणि पंपाला किती? ते गप्प बसले. खरं तर ते वाद घालायला थकले होते.

प्रत्येक ठिकाणची माती त्या त्या ठिकाणच्याच पट्ट्यावर. पातळ थर, एकावर एक, मधे पूर्ण वाळू द्यायचा. आजींच्या गावाच्या पट्ट्याला मी असे अकरा थर दिले आणि घरांच्या जागा कोऱ्या सोडल्या. लांबून बघितलं तर गाळात दात पडल्यासारखे पांढरे चौकोन.

२०२५ च्या सप्टेंबरात कापड जवळपास झालं होतं, फक्त सीनेचा पट्टा रिकामा होता. सीना ही आमची नेहमीची कोरडी, दुर्लक्षित नदी. लोकांना तिच्याबद्दल विचारलं तर "तिला कुठं पाणी असतंय" म्हणायचे. आणि मग ती आली. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, गावंच्या गावं पाण्यात. लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद. त्या आठवड्यात चित्राचा विचार मनात आला नाही, हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही, सुचलंच नाही. शाळेनं धान्य आणि कपडे गोळा केले, ते द्यायला आम्ही मोहोळ तालुक्यातल्या एका गावात गेलो. एक बाई फावड्यानं स्वयंपाकघरातला चिखल दाराबाहेर ओढत होती. भिंतीवर छातीपर्यंत तपकिरी रेघ. मिक्सर, पोथी, मुलाचं दप्तर उन्हात घातलेलं. मी धान्याची पिशवी दिली आणि तशीच उभी राहिले. कसं विचारायचं कळेना. शेवटी विचारलं. "थोडी माती घेऊन जाऊ का?"

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. "पोतंभर न्या की. न्हायतर ट्रॉली लावा."

ती माती मी धुतली नाही, गाळली नाही. त्यात सोयाबीनच्या शेंगा होत्या, बांगडीचा तुकडा होता, कसल्यातरी पाकिटाचा चांदीचा कागद होता. जशी होती तशी खळीत कालवली आणि लावली. तो पट्टा अजून हाताला खरखरीत लागतो आणि भेगाही पडल्यात. पडू दिल्या.

कापड लावलं एका बंद मागाच्या शेडमध्ये. तात्यांच्या ओळखीची जागा. माग भंगारात गेलेले, जमिनीत फक्त बोल्ट उरलेले. खांबाखांबांना दोरी बांधून वीस हात नदी टांगली आणि फोन स्पीकरला जोडून आवाज सोडले. गॅलरी परवडली नसती हे एक, आणि सोलापुरात ताणलेलं कापड बघायला लोक शेडमध्येच येतात हे दुसरं. तात्या रोज येऊन खळ हाताला लागते का बघायचे, बोट चोळून. चित्राबद्दल चकार शब्द नाही.

आजी नातवासोबत एसटीनं आल्या. कापडाच्या एका टोकापासून चालत आल्या, पंढरपूरपाशी नमस्कार केला आणि आपल्या गावापाशी थांबल्या. बराच वेळ. मग कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवत गेल्या. हे कुणाचं, ते कुणाचं. एक चौकोन मी चुकीच्या अंगाला सोडला होता, तो त्यांनी सांगितला. स्पीकरमधून त्यांचाच आवाज सासूला नावं ठेवत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"एवढं कापून द्या," त्या म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आमच्या गावाचं एवढं कापून द्या. घरी लावते."

मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. दोन वर्षांचं काम, त्यातलं सगळ्यात चांगलं पाच हात, आणि मधूनच. मी म्हटलं, आजी, फोटो मोठा करून देते. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, प्रदर्शन संपू दे. त्या म्हणाल्या, मी तवर ऱ्हाईन का. नातू कसनुसा हसला.

तात्या कोपऱ्यातून उठले, खिशातून मागावरची जुनी कात्री काढली आणि माझ्या हातात दिली. कापड फार सुबक कापलं जातं खळीचं, धागे निघत नाहीत. पाच हात. आजींनी ते स्वतः हातानं मोजून घेतलं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, पाच वेळा.

"मोबदला किती?"

मी म्हटलं, काही नको.

"फुकट नगं." पदराची गाठ सोडून त्यांनी पन्नासची नोट काढली. आणि पावती मागितली. सरांनी वहीचं पान फाडून लिहिलं, 'पाच हात नदी, रुपये पन्नास मिळाले', खाली मी सही केली. आजींनी नातवाकडून ते दोनदा वाचून घेतलं.

"गट नंबर घाला की त्यात," त्या म्हणाल्या, आणि सरांनी पेनचं टोपण काढायच्या आत तो तोंडपाठ सांगितलासुद्धा.